खिशातलं तोंडात नाही

आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर, आणि मधे लोखंडी जिना. तो इतका वाजतो की कोण चढलं, कोण उतरलं, कोण अर्ध्यात थांबून बुटाची लेस बांधतंय, सगळं सगळ्यांना कळतं. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा म्हटलं, याला जरा तेल घालू या. सासूबाई म्हणाल्या, "कशाला? मग कळणार कसं?" मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुकानाचा कायदा मात्र अगदी उलटा. कपडे आले की आधी खिशांच्या टेबलावर जातात. कोणाच्या खिशात पेन राहिलं तर शाईने सगळी खेप वाया जाते, म्हणून एकेक खिसा उलटा करून बघायचा. जे निघेल ते कापडाच्या छोट्या थैलीत घालायचं, नाडी ओढायची, थैलीला कपड्याचाच नंबर लावायचा. इस्त्री झाली की ती थैली सेफ्टी पिनेने त्या कपड्याला टाचायची आणि द्यायची. आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. हा नियम सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या बाबांचा. त्यांनी तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता: "खिशातलं तोंडात नाही."

बाबा म्हणजे या बाबतीत पक्के. गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं तर हवापाण्याच्या गप्पा मारतील, पण पापणी लवणार नाही. त्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटात दर आठवड्याला काय निघतं ना, ते... नाही. सांगणार नाही. आग्रह करू नका.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. घरच्या कपड्यांना थैली नाही, घरच्या कपड्यांना वाटी. जेवायच्या टेबलाच्या मधोमध एक स्टीलची वाटी असते. सासूबाई घरचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासतात आणि निघेल ते वाटीत टाकतात. मग सगळे जेवायला बसले की एकेक वस्तू वर धरून विचारतात, "हे कोणाचं?" ज्याचं असेल त्याने कबूल व्हायचं आणि वर खुलासा द्यायचा. माझा नवरा एकदा दात दाखवायला गेला होता, त्याच दिवसाचं सामन्याचं तिकीट वाटीत निघालं. मी सगळ्या घराची साखर बंद केली होती, त्याच आठवड्यात माझ्या खिशातून चॉकलेटचा कागद निघाला. पुढे कितीतरी दिवस मला कोणी साधं "गोड बोल" म्हणालं तरी सगळे खिदळायचे. हसत होते हो प्रेमानेच, पण हसत होतेच.

बाबा सासूबाईंना लाडाने 'दवंडी' म्हणतात. बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. कोणी आजारी पडलं तर रात्रीचा दिवस करतील. पण पोटात म्हणून काही राहत नाही. सकाळी मला उचकी लागली तर दुपारी कोपऱ्यावरची पाववाली मला उपाय सांगते.

आता बेबीताई. माझी नणंद, माझ्या नवऱ्याहून मोठी. चाळिशी ओलांडली, लग्न केलं नाही, आणि अजून बेबी. दुकानात डाग काढायचं काम तिचं. शाई, गंज, तेल, फळांचा रस, कसलाही डाग आणा, ती खिडकीजवळ बसून त्याच्याशी हळूहळू बोलल्यासारखं काहीतरी करते आणि डाग जातो. अख्ख्या घरात माझी मैत्रीण म्हणाल तर ती एकटी. दुपारी मी इस्त्री करते, ती शेजारी बसून डाग काढते, आणि आम्ही दोघी तासन् तास गप्प बसतो. इतकं छान गप्प मी दुसऱ्या कोणाबरोबर बसलेली नाही.

गेले काही महिने बेबीताई बुधवारी दुपारी बाहेर जायला लागली होती. कुठे, ते सांगत नव्हती. "जाऊन येते" म्हणायची आणि जायची. सासूबाईंच्या जिवाला नुसता घोर! बुधवारी त्यांच्या हातून काही धड व्हायचं नाही.

आणि एका गुरुवारी तिच्या जाकिटाच्या खिशातून मिशी निघाली.

"अळी! अळी!" सासूबाई किंचाळल्या. मी धावले. अळी कसली, चांगली जाडजूड, टोकांना वर वळवलेली खोटी मिशी होती. सासूबाईंनी ती चिमटीत धरून उजेडात नेली, उलटी केली, वास घेतला, आणि टाकली वाटीत.

त्या दिवशी जेवताना वाटीतलं काही वर धरायची गरजच पडली नाही. सगळ्यांचे डोळे तिच्यातच.

"कुठल्या माणसाची आहे ही?" सासूबाईंनी सुरुवात केली.

"माणसाची असती तर माणसाला चिकटलेली असती," बाबा म्हणाले.

"माझी आहे," बेबीताई म्हणाली, आणि शांतपणे मिशी उचलून खिशात ठेवली.

"तुला कशाला लागते?"

"लावायला."

"कुठे?"

"ओठावर. आणखी कुठे लावतात मिशी?"

"पण का?"

"आई, ते मी सांगणार नाही."

आमच्या घरात हे वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने घास हातात धरून ठेवला. सासूबाई आधी लाल झाल्या, मग त्यांनी तो जुना हुकमाचा पत्ता काढला. "लपवण्यासारखं काही नसेल तर सांगायला काय होतं?"

माझं डोकं फिरलं. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणा हवं तर, पण मी म्हटलंच, "आई, तुम्ही आंघोळीला दार लावता ते काय आत चोरी करता म्हणून?"

"ते वेगळं!"

"काय वेगळं?"

"ते... ते आंघोळीचं आहे!"

बाबांना ठसका लागला. पण बेबीताई हसली नाही. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "दुसऱ्या शहरात एक मोठं हॉटेल आहे. त्यांच्या लाँड्रीत डाग काढायला माणूस हवंय. राहायला खोली देतात. महिनाअखेरीला कळवायचंय, आणि मी जावं म्हणतेय."

"अगं, पण इथे तुला काय कमी आहे?" सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"कमी काही नाही, आई. जास्त आहे. तिथे खोलीला दार आहे, आणि दाराबाहेर कोणी उभं नाही."

त्यानंतर जेवण कोणाला गेलं नाही. मला तर रडूच कोसळलं असतं. ती गेली तर दुपारी मी कोणाबरोबर गप्प बसू?

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी चादरींच्या घड्या घालत होतो. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालावी लागते. दोन टोकांना दोघी, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकाला टोक द्यायचं, पुन्हा मागे जायचं. जवळ आल्या की सासूबाई एक वाक्य बोलायच्या आणि लांब जायच्या.

"माझ्या माहेरी मला कोणी काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या आणि मागे गेल्या.

पुन्हा जवळ आल्या. "भावंडंच इतकी. ताप भरला तरी तो आपला आपण उतरायचा. कोणाला पत्ता नाही."

मागे गेल्या, पुढे आल्या. "एकदा मैत्रिणीकडे दोन दिवस राहिले. परत आले तर कुठे होतीस असं कोणी म्हणालंसुद्धा नाही. तेव्हाच ठरवलं, माझ्या पोरांना मी विचारीन. सगळं विचारीन."

चादर संपली होती तरी त्या टोक सोडेनात. त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं मी त्यांच्या नावाने मनात बोटं मोडत होते, आणि ही बाई विचारत होती ती माया म्हणून. मला त्यांची फार दया आली. पण म्हणून बेबीताईचं खोटं ठरत नव्हतं ना!

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला कोणी विचारलं नाही म्हणून तुम्ही पोळलात. तिला सारखं विचारतात म्हणून ती पोळलीये. दोघींचे चटके खरेच आहेत."

त्यांनी नाक पुसलं. "मग आता विचारायचंच बंद. बघच तू!"

आणि मग आमच्या घराने बेबीताईला एकांत द्यायचा विडा उचलला. अरे देवा!

माझ्या नवऱ्याने तिच्या खोलीला आतून कडी बसवली. ठोकाठोकी इतकी झाली की समोरच्या घरातले खिडकीत येऊन बसले. वाटी फडताळात गेली. बाबांनी जिन्याला तेल घातलं, तेही इतकं की पहिल्याच दिवशी ते स्वतः घसरले. सासूबाई तिच्या खोलीच्या दाराशी जायच्या, खोकायच्या, आणि ओरडायच्या, "बेबी, मी काही विचारत नाहीये हं! फक्त सांगायला आले की विचारत नाहीये!" आतून उत्तर नाही आलं की काळजी. "बरी आहेस ना? हे विचारणं नाही, हे आपलं सहज."

बुधवारी ती दुकानातून निघाली तेव्हा आम्ही चौघंही काउंटरमागे भिंतीकडे तोंड करून उभे होतो. न बघणं म्हणजे किती न बघणं! एका गिऱ्हाइकाने घाबरून विचारलं, "काही वाईट बातमी आहे का?"

आणि कडेलोट व्हायचा तो झालाच. पाववालीने बेबीताईला पाव बांधून देताना डोळा मारला आणि म्हणाली, "आम्ही नाही हं काही विचारणार! आईंनी बजावलंय सगळ्यांना."

सगळ्यांना! म्हणजे पाववाली, चांभार, औषधवाला, बसथांब्यावरची मंडळी, सगळ्या रस्त्याला सासूबाई सांगून आल्या होत्या, की आमच्या बेबीला कोणी काही विचारायचं नाही. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता कळलं, की काहीतरी आहे.

बेबीताई घरी आली ती पाव टेबलावर आपटूनच. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? आधी निदान घरातच चर्चा होती. आता सगळा गाव माझ्याकडे बघत नाहीये!"

"अगं, मी तर तुझ्यासाठीच..." सासूबाई म्हणाल्या.

"माहितीये, आई. तेच तर! सगळं माझ्यासाठीच चाललंय, आणि मला त्यात कुठे जागाच नाही."

ती खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला, मग कपाटावरून बॅग खाली ओढल्याचा. महिना संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्री तापत ठेवली होती. सासूबाई खिशांच्या टेबलावर होत्या. सगळी गिऱ्हाइकांचीच खेप, आणि ढिगाखाली बेबीताईचं जाकीट. चुकून आलं होतं की तिने बॅग भरताना धुवायला टाकलं होतं, कोण जाणे. सासूबाईंनी सवयीने खिशात हात घातला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

काहीतरी निघालं होतं. मला त्यांच्या मुठीची पाठ तेवढी दिसली. त्यांनी मूठ जराशी उघडली, आत पाहिलं, पटकन मिटली. मी म्हटलं, संपलं आता. आता हाक जाणार, आता बाबा येणार, आता फडताळातून वाटी निघणार.

सासूबाईंनी ड्रॉवर उघडला. त्यातून थैली काढली, गिऱ्हाइकांची. मुठीतलं आत सोडलं, नाडी ओढली, गाठ मारली. आणि नंबराची पट्टी घेऊन स्वतःच्या लेकीच्या जाकिटाला नंबर लावला. हे करताना त्यांचे ओठ असे घट्ट मिटलेले होते, की वाटावं, आतून कोणीतरी दार ढकलतंय आणि बाई पाठ लावून उभी आहे.

आता माझी गंमत ऐका. इतकी मी शहाणी, आंघोळीच्या दाराचे दाखले देणारी! इस्त्री हातातच ठेवून मी त्यांच्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, "काय निघालं हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीसुद्धा कधी इतक्या करड्या नजरेने बघितलं नसेल. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "खिशातलं तोंडात नाही."

मी गुपचूप माझ्या टेबलावर परत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी त्या दिवशी पाहिली.

दिवसभर त्या बोलल्या नाहीत. त्या गोष्टीबद्दलच नाही, कशाबद्दलच. एक झाकण उघडलं तर सगळं सांडेल अशी भीती वाटत असावी. बाबांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला. संध्याकाळी माझी इस्त्री झाल्यावर त्यांनी ती थैली स्वतः जाकिटाला टाचली, जाकीट हँगरला लावलं, आणि बेबीताईच्या दाराच्या मुठीला अडकवून आल्या. खोकल्या नाहीत, थांबल्या नाहीत. तेल घातलेल्या जिन्याने खाली आल्या तर मलासुद्धा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं चहाला बसलो होतो. बेबीताईच्या खोलीची कडी निघाली आणि ती बाहेर आली. अंगात धुतलेलं जाकीट. ओठावर मिशी.

ती आपल्या खुर्चीवर बसली. केस विंचरलेले, चेहरा गंभीर, आणि ती वर वळवलेली टोकं! माझ्या नवऱ्याने पावाऐवजी बशीला लोणी लावलं. बाबा छताकडे बघून कसलीतरी मोजदाद करायला लागले. मी स्वतःच्या मांडीला इतका चिमटा काढला की पुढे दोन दिवस हिरवं-निळं होतं. बेबीताई एकेकाकडे पाहत होती. परीक्षा चालली होती आमची, आणि आम्हाला ते पुरतं कळत होतं.

सासूबाईंनी किटली उचलली. "साखर एक की दोन?"

"एकच."

त्यांनी चहा ओतला, एक चमचा साखर घातली, ढवळली, पुढे ठेवला. बेबीताईने घोट घेतला.

"बेबी," सासूबाई म्हणाल्या.

मी टेबलाखालून त्यांना लाथ मारली, ती बाबांना बसली.

"उजवी बाजू चहात बुडतेय. जरा वर धर."

बेबीताईने वर धरायचा प्रयत्न केला खरा. पण आधी तिचे खांदे हलले, मग मिशी हलली, आणि मग ती जी फुटली! हसता हसता मिशी सुटली ती थेट कपात. सासूबाईंनी चमच्याने ती काढली, निथळली, बशीत ठेवली आणि म्हणाल्या, "चहाचा डाग लगेच धुवावा, तूच सांगतेस ना." मग आम्ही सगळेच कोसळलो. बाबा तर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. बेबीताईने आईच्या गळ्यात हात टाकले. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"हॉटेलवाल्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"का?" सासूबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबलं. "नाही, नाही! विचारलं नाही मी!"

"हे विचारलंस तरी चालेल. तिथे मी मिशी लावून चहा प्यायला बसले असते, तर जरा वर धर असं कोण म्हणणार होतं?"

तेव्हापासून घरच्या कपड्यांनाही थैल्या. वाटीत आता मीठ असतं. बुधवारी बेबीताई जाते, येते, आणि आम्ही आपापल्या कामात असतो, खरोखरच. एका दुपारी मी कॉलरला इस्त्री करत होते, ती गंजाचा डाग काढत होती, दोघी छान गप्प होतो, आणि मधेच तिने आपणहून मला मिशीचं सगळं सांगितलं. ऐकून मी इस्त्री उभी करून ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. काय ते म्हणता? वा! इतका वेळ मी काय सांगतेय मग?

खरी मजा झाली ती सासूबाईंची. त्यांनी आपल्या एप्रनला खिसा शिवून घेतला, वर बटणसुद्धा लावलं. येता-जाता त्या खिशात हात घालतात, थोपटतात, गालात हसतात. मीच न राहवून एकदा म्हटलं, "काय आहे हो त्यात?" तर मान उडवून म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परवा तो एप्रन धुवायला आला. खिशांच्या टेबलावर मी होते. बटण काढलं, हात घातला. आत काही नव्हतं. कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं, काहीसुद्धा नाही. मग ड्रॉवरमधून थैली काढली, नाडी ओढून गाठ मारली, नंबर लावला, आणि इस्त्री झाल्यावर ती रिकामी थैली एप्रनला टाचून दिली. सासूबाईंनी थैली बोटांनी चाचपली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा गालगुच्चा घेतला.

ही गोष्ट सांगायची परवानगी मी दोघींकडून घेतली आहे. बेबीताई म्हणाली, मिशी निघाली एवढं सांग, पुढचं नको. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या खिशाचं खुशाल सांग. पण मिशी कशासाठी होती ते मात्र कोणाला कळता कामा नये हं. मी इतके महिने पोटात ठेवलंय."

म्हणजे बेबीताईने त्यांनाही सांगितलंय? आणि कधी? मी विचारलं नाही.